सासूबाई चाकावर बसल्या

लाखनी, एप्रिल १९७९

सौ. विमलाताईस धाकट्या सत्यभामेचा नमस्कार.

तुझी पाठ आता कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल आहेत, आणि सासूबाई तर इतक्या खुशाल आहेत की घरात दुसऱ्या कोणाला बोलायला जागाच नाही.

त्याचं असं झालं, उन्हाळ्याचा माठ घ्यायला आम्ही दोघी पवनीला गेलो. (माठ लाखनीच्या बाजारातही मिळतो, पण त्यातल्या पाण्याने सासूबाईंची तहान भागत नाही.) ताई, तिथला जुना कुंभारपुरा तू पाहायलाच हवास. ओसरी-ओसरीवर दुकान, आणि माठ, घागरी, सुरया यांच्या अशा उतरंडी की पदर सावरूनच चालावं लागतं. मी हरखून गेले. सासूबाई मात्र एकेक माठ वाजवून नापास करत चालल्या. हा बोदा वाजतो, त्याचा गळा आखूड, तिसऱ्याचं पोट एका बाजूला. शेवटच्या दुकानात नत्थू कुंभार आणि त्याची बायको रुखमा यांनी घरातले होते नव्हते ते माठ बाहेर काढले. तेही नापास झाले. तेव्हा नत्थू चाकावरून उठला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, तुमीच एक बनवून पाहा ना."

मला वाटलं, झालं आता भांडण. तर सासूबाईंनी बांगड्या मागे सारल्या, पदर खोचला आणि चाकासमोर बसल्या. चाक फिरलं तशी माती उडाली, थोडी माझ्या नव्या पातळावर, थोडी नत्थूच्या मिशीवर. सगळी गल्ली गोळा झाली. एसटी चुकेल म्हणून मी त्यांचा दंड ओढला, तर म्हणतात, "जाऊ दे एसटीले. मी बनवून राहिली ना." रुखमाने त्यांचे हात हातात धरून शिकवलं आणि उन्हं कलता कलता एक मडकं उभं राहिलं. (उभं म्हणजे, कललेलं.) पण ताई, सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं हसू मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. शेवटची गाडी कशीबशी मिळाली, आणि माठ घ्यायचा राहूनच गेला.

मडकं भाजून झाल्यावर ते आणायला आम्ही पुन्हा पवनीला जाऊन आलो. ते तुलाच द्यायचं असा सासूबाईंचा हुकूम आहे. माझे दीर जागेश्वर सिहोऱ्याला येत आहेत, त्यांच्या हाती पाठवते.

तुझी,
सत्यभामा

ता. क. मडकं गळतं. त्यात पाणी भरू नकोस. पण पाणी फार गार होतं, असं सासूबाईंना कार्डावर लिही. त्या आतापासूनच रोज पोस्टमनची वाट पाहून राहिल्या आहेत.

आणखी एक. पिशवीच्या तळाशी दुसरं लहान मडकं आहे, ते माझं. (त्यांचं होईपर्यंत मी काय नुसती बसून राहणार होते?) ते गळत नाही. त्याविषयी कार्डावर अक्षर लिहू नकोस, माझ्या नावाने वेगळं पाकीट पाठव. जरा सविस्तर लिही.