भिंतीवरचं कॅलेंडर

टोरविक, नॉर्थ डकोटा
मंगळवार, दुपार

प्रिय व्हर्लिन,

फोन केला असता तर "बरं, ताई" म्हणून तू विषय मिटवला असतास. म्हणून लिहिते आहे. यंदा गहू भरघोस आला आणि तोच जिवावर उठलाय. मी सांभाळते ते गावचं कोठार काठोकाठ भरलंय, उरलेला ढीग उघड्यावर पडलाय, आणि रेल्वे कंपनीच्या मालगाडीच्या वाघिणी पाच आठवडे फिरकलेल्या नाहीत. तुला सांगायला नको, तू त्याच गाडीवर नोकरीला आहेस.

रेल्वेच्या या फाट्यावरच्या आम्ही सहा गावांच्या कोठारांनी मिळून लवाद मागितला. एकेकटे गेलो असतो तर कंपनीने दारातसुद्धा उभं केलं नसतं. एक लवाद आमचा, एक त्यांचा, तिसरा दोघांना चालणारा. तिघांचा निकाल सगळ्यांवर बंधनकारक, त्यावर अपील नाही. हरलो तर फाट्यावरची गाडी बंद आणि सहाही कोठारांना टाळं.

काल शाळेच्या व्यायामशाळेत सुनावणी झाली. कंपनीच्या वकिलाने फेब्रुवारीचा कागद काढला. टोरविकला चाळीस वाघिणी दिल्या, टोरविकने एकही भरली नाही. उलट शेजारच्या गावचं कोठार सांभाळणाऱ्या मिलो काउट्झने त्याच दिवशी वाट्यापेक्षा चाळीस जास्त भरल्या. "तुमचे तुम्हीच एकमेकांच्या वाघिणी पळवता आणि खापर आमच्यावर फोडता?" असं तो हसत म्हणाला. सगळ्यांच्या माना मिलोकडे वळल्या. कुणीतरी पुटपुटलंच, "काय रे मिलो, वाघिणींना पंख फुटले होते का?" मिलोचे कान लाल झाले, पण तो चकार शब्द बोलला नाही. संध्याकाळपर्यंत दोन गावं सहांच्या जुटीतून बाहेर पडायची भाषा करू लागली.

आठवतोय ना फेब्रुवारीतला तो दिवस? उणे तीस थंडी, वाघिणीत धान्य चढवणारा माझा पट्टा तुटलेला, आणि तू गाडीतून ओरडलास, "साहेबांना विचारत बसलो तर उन्हाळा उजाडेल! मिलोकडे नेतो, त्याचा पट्टा चालू आहे." एकाचं यंत्र बिघडलं की वाघिणी शेजाऱ्याकडे, पुढच्या खेपेला त्याने परत करायच्या, ही आपली जुनी रीत. ती कंपनीच्या कागदावर कुठेच नाही, फक्त माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहे. अकरा अदलाबदली, प्रत्येकीपुढे तारीख, कुणाच्या वाघिणी, कुणी भरल्या आणि कुणी नेल्या. अकराही ठिकाणी 'व्हर्लिन'. मीच मेली टापटिपीची!

ते कॅलेंडर लवादांनी पाहिलं तर मिलो सुटतो आणि सहा गावं वाचतात. पण हुकमाशिवाय गाडी वळवणाऱ्याला कंपनी ठेवत नाही, आणि तुझ्या पेन्शनला चौदा महिने उरलेत. काल बाहेर पडताना मिलो हळूच म्हणाला, "आर्डिस, तुझ्या भावाचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही." मला रडू आलं रे. स्वतःची लाजही वाटली, कारण तोंड मीही उघडलं नव्हतं.

परवा सकाळी नऊला मला शपथेवर बोलायचं आहे. विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, पण कागदाशिवाय माझा शब्द कोण धरणार? कॅलेंडर या पाकिटातच घडी करून ठेवलंय. नक्कल काढलेली नाही आणि कुणाला सांगितलेलंही नाही. शेगडीत घातलंस तर मी कधी विचारणार नाही. आणायचं असेल तर नऊच्या आत ये. दाराजवळची खुर्ची मी धरून ठेवते.

तुझीच,
आर्डिस