डिंगोऱ्याच्या वाटेवरचा दिवा

जुन्नर,
सोमवार, ५ मे २०२५

कुंडलिकराव यांस,

सलाम आणि रामराम. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हाजराबीचे गुडघे होते तसेच आहेत, रूही मास्तरीणबाईंना शाळेची सुट्टी लागली, घड्याळांचं दुकान रडतखडत चाललंय. तुमचा कांदा बराखीत साठवणीला पडला असं कळलं. चांगलं झालं. साळुवहिनींना माझा सलाम सांग.

एवढी ख्यालीखुशाली पुरे. फोनवर मी आवाज चढवला की तू “रेंज न्हाई, रेंज न्हाई” करत ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. हे सार्थककडून वाचून घेऊ नकोस. नातवापुढे आजोबाची शोभा व्हावी असं यात बरंच आहे. चष्मा लाव आणि बराखीमागे जाऊन एकटा वाच.

तो दिवा काढ.

तुझ्या बांधावरून आपल्या खडकाकडे जाणाऱ्या वाटेवर तू जो खांब रोवलास आणि त्यावर क्रिकेटच्या मैदानासारखा जो फोकस ठोकलास, तो मी म्हणतोय. चैत्री अवसेला रूहीच्या स्कूटरवरून उतरलो तर डोळ्यांवर पांढरा लोळच आला. मला वाटलं तुझ्याकडे लग्न आहे. तू खाली मान घालून म्हणालास, “बिबट्या फिरतोय राव. काय करता?” कुंडलिक, बिबट्या आपल्या तालुक्यात काल आला का? इतकी वर्षं आपण त्याच वाटेने गेलो. तुझ्या हातात घुंगरांची काठी, माझ्या तोंडाची टकळी. बिबट्याच कंटाळून निघून जात असेल. दिव्याने तो पळतो हे तुला सांगितलं कोणी? तुमच्या डिंगोऱ्यात दिव्याखालचं कुत्रं उचलून नेलं त्याने, हे तूच मला सांगितलंस.

दुसऱ्या कुणी लावला असता तर मी समजलो असतो. अंधार म्हणजे काय हे तुला माहीत आहे. आमच्या जुन्नरच्या मावळतीला शिवनेरी उभा. पहिल्या रात्रीची कोर त्याच्याआड कधी जाते ते गावाला कळत नाही, म्हणून मी चांद बघायला तुझ्या खडकावर यायला लागलो. घड्याळ दुरुस्त करणारा मी, कांदा पिकवणारा तू. तू मला आभाळातली बाज दाखवलीस, तिच्यामागचे तीन चोर दाखवलेस, तिकांडं दाखवलंस. मी तुला त्यांची सप्तर्षी, मृग अशी पुस्तकातली नावं सांगितली आणि तू म्हणालास, “नावं ठिवा तुमच्यापाशी, आमची बाज बरी.” मग ईदच्या चांदापुरतं येणं दर अवसेवर गेलं. वहिनींनी कधी एका शब्दाने विचारलं नाही की हा माणूस अंधार बघायला एवढ्या लांब का येतो. अशा जागेवर तू फोकस लावलास!

त्या रात्री मी चहासुद्धा न घेता निघालो. ठरवलं, डिंगोरे म्हणजे काही साऱ्या जगाचा अंधार नव्हे. दुसरी जागा शोधीन. रूहीला म्हटलं, काढ स्कूटर.

आधी पिंपरी पेंढारला गेलो. परवेज, आपला भाजीचा पिकअपवाला, म्हणाला होता की त्याच्या दोस्ताच्या रानात काळोख आहे. होता, परवापर्यंत. आता शेजारी मंगल कार्यालयाचं लॉन झालंय. नवरा-नवरी कुठल्या कोपऱ्यात होती देव जाणे, पण हिरव्या दिव्याचे झोत आभाळात गरगरत होते. लग्न जमिनीवर लागतं की वर, असं मी तिथल्या माणसाला विचारलं. त्याने मला जेवून जायला सांगितलं. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग घोडेगाववरून शिनोलीच्या पुढे. भीमाशंकरच्या रस्त्याला कुणीतरी तंबू ठोकलेत आणि पाटी लावलीय, “ताऱ्यांच्या छताखाली मुक्काम.” मला वाटलं, चला, आपल्यासारखा कुणीतरी वेडा भेटला. आत पाहतो तर प्रत्येक तंबूला बल्बच्या माळा, झाडांना माळा, पाण्याच्या टाकीलासुद्धा माळ. वर गाणी. मालकाला विचारलं, यात तारे कुठे आहेत? तो म्हणाला, “पावणं, अंधारात गिऱ्हाईक घाबारतं. तारं बघायचं आसतील तर मोबाइलात ॲप हाय.” रूही हसत सुटली. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. हाजराबी हे पत्र पाकिटात घालण्याआधी वाचणार आहे.

तिथून पुढे एक कच्चा रस्ता डोंगराकडे जातो. रूहीने हेडलाइट बंद केला. काळं कुळकुळीत. वाटलं, मिळाली जागा. आता कुंडलिकला दाखवतो.

रूही म्हणाली, “अब्बा, कितने हैं!” आणि गप्प झाली. मग बोटाने दाखवत सुटली, ही बाज, हे चोर, ही वाळू सांडल्यासारखी कसली रांग. मी वर पाहिलं. गुरू होता. व्याध होता. बाजेचे दोन खूर होते, बाकीची बाज कुणी उचलून नेली होती. मी म्हटलं, ढग आलेत. ती म्हणाली, “ढग कुठे आहेत, अब्बा?” मी तिच्यावर खेकसलो की शाळेतल्या पोरांना शिकवतेस तसं मला शिकवू नकोस. तिने स्कूटर घराकडे वळवली.

हे तुला कशाला सांगतोय? तर आता पाडव्याच्या संध्याकाळकडे येतो. इथून पुढे नीट वाच.

यंदा पाडवा आणि रमजान ईदच्या चांदाची संध्याकाळ एकाच दिवशी आली. तू गुढी उतरवून खडकावर आलास, हातात साखरेची गाठी. सूर्य बुडाला. मी खजुराने रोजा सोडला, वर तुझ्या गाठीचा तुकडा खाल्ला. मग दोघे मावळतीला तोंड करून बसलो. मी विचारलं, “दिसतीय का रे?” तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. मी पुन्हा विचारलं. तू म्हणालास, “न्हाई बा. धुरळा लई हाय. मला बी न्हाई दिसत.”

मी तिथूनच मशिदीत फोन लावला. नेहमी लावतो तसा. डिंगोऱ्याहून सत्तार बोलतोय, आभाळ धुरकट आहे, चांद दिसला नाही. माझ्या शब्दावर आख्खा मोहल्ला थांबतो हे तुला माहीत आहे. बायकांनी शीरखुर्म्याचं दूध चुलीवरून उतरवलं. आणि तेवढ्यात परवेजने पिंपरी पेंढारच्या रस्त्यावरून मोबाइलने काढलेला फोटो पाठवला. नखासारखी लख्ख कोर! पाठोपाठ चहूकडून फोन. मी मोहल्ल्यात पोचलो तेव्हा फटाके वाजत होते. पोरं म्हणाली, “चाचा, डिंगोरे में दुसरा आसमान है क्या?” मी त्यांना बजावून सांगितलं, मी एकटा नव्हतो, कुंडलिकलाही दिसला नाही. तुमच्यापेक्षा त्याची नजर पक्की आहे. धूळ होती म्हणजे होती.

महिनाभर मी हे सांगत फिरलो, कुंडलिक. दुकानात येईल त्याला. तुझं नाव घेऊन.

काल रविवार. साळुवहिनी बाजाराला आल्या आणि आमच्याकडे टेकल्या. हाजराबीला म्हणाल्या, “भावजींना सांगू नका बरं. चांद ह्यांला दिसला व्हता. घरी आले ते जेवलंच नाय. पाडव्याची पुरणपोळी तशीच ऱ्हायली. म्हणलं काय झालं, तर म्हणत्यात, सत्तारला दिसंना गं, मग मी कसं म्हणू दिसला म्हणून? आन त्यो दिवा बी भावजींसाठीच हाय. पाडव्याला खडकावरनं उतरताना बांधावरनं पाय सुटला त्यांचा, ह्यांनी दंडाला धरलं म्हणून वाचलं. बिबट्याचं आपलं नाव सांगायला.”

सांगू नका म्हटलेली गोष्ट हाजराबीने किती वेळ पोटात ठेवली असेल ते तूच समज.

मी रात्री जेवलो नाही. म्हणजे आता फिट्टंफाट झाली. पण माझा राग तुझ्या उपाशी राहण्याने जात नाही. तुला कुणी सांगितलं होतं? माझ्यासाठी खोटं बोल म्हणून मी अर्ज केला होता? खडकावर आपला एकच कायदा होता आणि तो तू केलेला. एका वर्षी ढगांच्या फटीत मला काहीतरी चमकल्यासारखं वाटलं, मी फोन काढला, तर तू माझा हात धरलास. म्हणालास, “वाटलं आन दिसलं येगळं आसतं, सत्तार. तुमची समदी माणसं तुझ्या एका बोलावर बसल्यात.” त्या वर्षी आपण नाही म्हणून सांगितलं आणि तेच खरं निघालं. आणि असा हात धरणाऱ्या माणसाने माझ्या तोंडावर सांगितलं की मला दिसत नाही! डोळ्यांसमोर चांद असताना!

मला राग कशाचा आलाय ते कळतंय का तुला? चांद दिसला नाही याचा नाही. तू माझी कीव केलीस याचा. कीव करायला मला गावभर माणसं आहेत. मोहल्ल्यातली पोरं हसली ते परवडलं, निदान ती तोंडावर हसली. तू मला संभाळून घेतलंस. लहान मुलाला घेतात तसं. आणि वर खांब रोवलास, म्हणजे म्हाताऱ्याने पडू नये! अरे, त्या झगझगाटात मला जे चार तारे दिसत होते तेही गेले.

तर आता मीही सांगून टाकतो, कारण खोटं बोलणारा एक पुरे आहे. शिनोलीहून आल्यावर रूही मला न विचारता डॉक्टरची वेळ घेऊन आली. शुक्रवारी नारायणगावला गेलो. मी डॉक्टरांना म्हटलं, घड्याळातला केसाएवढा स्क्रू मला दिसतो, माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तपासलं. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही, उरली ती राखायची. थेंब दिलेत. राहते किती, ते त्यांनाही ठाऊक नाही.

मला भीती वाटते, कुंडलिक. हे मी हाजराबीलाही म्हटलेलं नाही. आता ती वाचेलच.

पण त्याचा आणि तुझ्या दिव्याचा काही संबंध नाही. मला दिसत नाही म्हणून खडकावरचा अंधार का मारायचा? तुला दिसतं ना अजून? सार्थकला दिसतं. रूही त्या रात्री कशी गप्प झाली ते मी ऐकलंय. दिवा काढ. खांब राहू दे, वहिनी त्याच्यावर कारली चढवतील. वाटेवर मला तुझा दंड लागेल, तो दे. मागायला मला लाज वाटते, तरी मागतोय.

या महिन्याच्या शेवटी बकरीदचा चांद आहे. मी येणार आहे. वळवाचे ढग असले तरी येणार आहे. तू बघ आणि दिसेल ते सांग. दिसला तर दिसला म्हण, माझ्या तोंडाकडे बघू नकोस. मी नेहमीसारखा मशिदीत फोन लावीन आणि सगळ्यांच्या कानांवर जाईल असं सांगेन की सत्तारला चांद दिसला नाही, कुंडलिकला दिसला. मौलाना म्हणतील, मुसलमान नसलेल्याची साक्ष, अशी गवाही कशी चालेल. चालते की नाही ते त्यांनी ठरवावं. माझ्यापाशी आता दुसरी नाही.

अजून रागातच असलेला,
तुझा
सत्तार