तिसरीच्या वर्गाची घडी

आई, आज शाळा उघडली. गेला महिनाभर नुसता खेळ चालला होता. धुकं आहे म्हणून बंद, मग सकाळी दहा वाजताची, मग पुन्हा बंद. रोज संध्याकाळी मोबाइलवर डीएमचा, म्हणजे इथल्या कलेक्टरचा, आदेश येतो का ते पाहायचं आणि मग दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी चिरायची की नाही ते ठरवायचं. तू असतीस तर तुला हे मुळीच सोसलं नसतं. थंडीचं म्हणत नाही मी. थंडीत तर तू अलीगंजच्या त्या स्वयंपाकघरात साडीवर स्वेटर आणि स्वेटरवर बाबांचा मफलर अशा अवतारात पोळ्या लाटायचीस आणि तरी सगळ्यांच्या आधी शाळेत हजर असायचीस. उद्या काय होणार हे मुलांनाच माहीत नाही, हे तुला सोसलं नसतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की हल्ली मी तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा फारशी बोलत नाही. पण माझ्या वर्गातली एक मुलगी माझ्या हातातून निसटली आहे, आणि नेमकं काय बिघडलं ते फारसं न सांगता समजेल असं माणूस मला तुझ्याशिवाय आठवेना.

तुझा तिसरीचा वर्ग मला अजून दिसतो. बाबांच्या बँकेच्या बदलीमुळे मिरजेहून लखनौला आलेली, हिंदी बोलताना ‘का’ आणि ‘की’चा पार बोऱ्या वाजवणारी तू दारात उभी आहेस. आत येणारं प्रत्येक मूल थांबतं आणि दोन्ही तळवे पुढे करतं. सगळ्या शाळेला वाटायचं तू नखं तपासतेस. तू तळव्यांवर बोटं टेकवून कुणाला ताप आहे, कोण रडून आलंय, कोण काही न खाता आलंय ते ओळखून घ्यायचीस. मग दप्तर खुंटीला, पाण्याची बाटली खिडकीत. ज्याची पाळी असेल त्याने फळा पुसून तारीख लिहायची, बाकीच्यांनी तोवर कालचा धडा मनात वाचायचा. मध्येच बाहेर जायचं झालं तर बोलायचं नाही, दोन बोटं वर करायची. तू मान हलवलीस की गुपचूप जाऊन यायचं, शिकवणं थांबत नसे. आणि शेवटची काही मिनिटं शेजारच्याला आज काय नवं कळलं ते सांगायचं. जुलैचा पहिला पंधरवडा तू एवढंच करून घ्यायचीस, पुस्तक उघडायचीच नाहीस. तुमच्या मुख्याध्यापिका, बडी दीदी, दारात येऊन विचारायच्या, “कोर्स कब शुरू कीजिएगा, बहनजी?” आणि तू शांतपणे सांगायचीस, “शुरू तो हो गया, दीदी.” दिवाळीपर्यंत तुझा वर्ग बाकीच्या तुकड्यांच्या पुढे गेलेला असायचा.

मी बी.एड. करत होते तेव्हा एक दिवस तुझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले होते. घरी आल्यावर मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “किती रटाळ गं आई! रोज तेच ते. मुलांना काही वेगळं नको का?” तू कणीक मळत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, “रटाळ तुला वाटलं. तू एक दिवस आलीस, आणि वर पोट भरून आलीस. त्यातल्या निम्म्यांना आज घरी बाप कसा येईल ते ठाऊक नसतं. निदान माझ्या वर्गात पुढे काय होणार ते तरी ठाऊक असू दे. त्या धास्तीतून डोकं सुटलं तर भागाकारात जाईल ना?” मग पिठाचं बोट माझ्याकडे रोखून, “आणि चपला आधी बाहेर काढ.” मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. बाबा आपले मजेत म्हणत होते, तुझी आई देवळात गेली तर देवालासुद्धा रांगेत उभं करेल.

मला पहिली नोकरी लागली तेव्हा तू साडी घेशील अशी माझी खात्री होती. रिक्षाने अमीनाबादला गेलो, कापडाच्या गल्लीतून सरळ पुढे गेलो आणि तू खिळे-कुलपांच्या दुकानात शिरलीस. दुकानात ही गर्दी, जो तो ओरडतोय. तू वर्गात वाजवायचीस तशी टाळी वाजवलीस. “एक-एक करके, भैया! आप इनके पीछे आइए.” माणसं खरंच एकामागे एक उभी राहिली. दुकानदार हसत म्हणाला, “बहनजी, ये दुकान है, आपका स्कूल थोड़े न है.” मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. तुझा नंबर आल्यावर तू वर्गभर पुरतील इतक्या लोखंडी खुंट्या घेतल्यास आणि ती जड पिशवी माझ्या हातात दिलीस. “दप्तर जमिनीवर नको,” एवढंच म्हणालीस. मी शाळा बदलत गेले तशा त्या खुंट्या भिंतीतून उचकटून बरोबर नेत गेले. तेलीबागच्या या शाळेतही त्या होत्या, डिसेंबरपर्यंत.

ती मुलगी जुलैत आली. तेलीबागेत फौजी घरं पुष्कळ. तिचे वडील साताऱ्याकडचे, बदल्या होत होत इथवर आले आणि लगेच सीमेवर गेले. भाड्याच्या खोलीत आई आणि ती. दर थोड्या दिवसांनी नवं गाव, नवा गणवेश, नवी मॅडम. वाचता येत नव्हतं. चित्र पाहून अंदाजाने काहीतरी बोलायची, मग मुलं हसली की डोकं बाकावर टेकून तास काढायची. मी मराठीत बोलले की तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत, तेही ‘हाँ’ नाहीतर ‘नहीं’. पहिल्या दिवशी दारात तिने तळवे पुढे केले तेव्हा ते थरथरत होते. तिला वाटलं असावं की मी छडी मारणार.

मी काही जादू केली नाही. तुझंच सगळं केलं, त्याच क्रमाने, रोज. पावसाळा संपेपर्यंत तिची थरथर गेली. फळ्यावर तारीख लिहायची पाळी आली तेव्हा तिने ती शेजारणीच्या वहीत बघून नुसती उतरवून काढली. पुढच्या पाळीला न बघता लिहिली आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, की हिला कळलं की नाही! मग एके दिवशी शेवटच्या त्या मिनिटांत पाहते तर ती शेजारणीला वाचून दाखवत होती. बोट ओळीखाली सरकवत, अडखळत, पण वाचत. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि रडणारी मॅडम हे काही आपल्या रोजच्या क्रमात नव्हतं. तिची आई गेटवर भेटली. “मॅडम, घरी भावल्यांची शाळा भरवती. आधी दारात हुबी राहून सगळ्यांचे हात बघती. आन् बोलती केवढं!” त्या दिवशी घरी येताना मला तुला सांगावंसं वाटलं होतं. तेव्हाच लिहायला हवं होतं, तेव्हा सांगण्यासारखं होतं.

मग डिसेंबर आला. वार्षिकोत्सवाच्या तालमींसाठी निम्मी मुलं केव्हाही वर्गातून उचलून न्यायला लागले. त्यात दुसऱ्या तुकडीच्या मॅडम नोकरी सोडून गेल्या, तेव्हा दोन्ही तुकड्या एकत्र करून आम्हाला खालच्या हॉलमध्ये बसवलं. हॉलला दोन दारं. मी एका दारात उभी राहिले की मुलं दुसऱ्यातून आत. भिंतींना नव्या टाइल्स, खिळा ठोकायला मनाई. वेळापत्रक दर सोमवारी नवं, कारण मुलांना म्हणे सरप्राइज मिळायला हवं. आणि रोज माझी ‘अरेंजमेंट’ लागायची, म्हणजे कुणी रजेवर असेल तर मी तिच्या वर्गावर जायचं आणि माझ्या वर्गावर तिसरंच कुणी येणार. वर हे धुकं. मधल्या एखाद्या उघड्या दिवशी मुलं पाहुण्यासारखी यायची आणि बाटली कुठे ठेवायची तेही विचारायची.

अशाच एका उघड्या दिवशी मी पाचवीवर अरेंजमेंटला गेले होते. माझ्या वर्गावर एक नवी, तरुण मॅडम आली. वाईट नाही गं ती. एवढी पोरं कशी आवरायची म्हणून घाबरलेली बिचारी. तिने सांगितलं, मी विचारेपर्यंत कुणी हात वर करायचा नाही. आपल्या या मुलीने दोन बोटं वर केली. मॅडमना वाटलं, उत्तर द्यायची घाई झाली आहे. “हाथ नीचे, बेटा. पहले सुनो.” तिने हात खाली घेतला, थोड्या वेळाने पुन्हा वर केला, पुन्हा तेच ऐकलं. तोंडातून मात्र अवाक्षर नाही. ती खूण माझ्या जुन्या मुलांना ठाऊक होती, पण त्यांनाही गप्प बसायला सांगितलेलं. तास संपायच्या आत तिच्या बाकाखाली ओलं झालं. सगळा हॉल हसला. माझी जुनी मुलंसुद्धा हसली, आई. मी परत आले तेव्हा आया फरशी पुसत होती आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला तसं कुणी उभं केलं नव्हतं.

मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. म्हटलं, मला माझी जुनी खोली परत द्या आणि दिवसाचा पहिला आणि शेवटचा तास माझ्याकडेच राहू द्या, एवढंच. त्या म्हणाल्या, “मैम, हम आपकी बात समझ रहे हैं. लेकिन एक बच्ची के लिए पूरा स्कूल थोड़े न रुकेगा. बच्चों को फ्लेक्सिबल होना चाहिए. आपके यहाँ तो सब मशीन की तरह चलता है.” मशीन! त्यांना सांगावंसं वाटलं, की ज्यांना घरी सगळं आयतं जागच्या जागी मिळतं त्यांनाच हा मोकळेपणा परवडतो. सांगितलं नाही. त्यांनी चहा मागवला, मी तो प्यायले.

मग तिच्या घरी गेले. कॉटवर काळी फौजी ट्रंक उघडी होती, कपडे भरणं चाललं होतं. तिची आई म्हणाली, “गावी सासूबाईंकडं ठेवते हिला. शाळेचं नाव काढलं की उलटी करती. तिचे पप्पा फोनवर म्हनले, जबरदस्ती नको. इथं काय होत न्हाई तिचं.” मुलगी पडद्यामागे होती, पाय तेवढे दिसत होते. मी म्हटलं, “बाळा, त्या मॅडमना तू तोंडाने सांगितलं का नाहीस, बाहेर जायचंय म्हणून?” पडद्याखालचे पाय मागे सरकले. मग पडद्यामागून, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं, “आपने बोला था मैम, बोलना नहीं है.”

आता सांग, याचं मी काय करू? त्या दिवसापासून माझा तुझ्यावर राग आहे. तुझी खोली निवृत्त होईपर्यंत तुझी होती. तू बसवलेली घडी विस्कटायला कुणी आलं नाही, म्हणून ती विस्कटली की आतल्या मुलाचं काय होतं हे तुला बघावं लागलं नाही. बाकीची पोरं चतुर निघाली. इथे आता काही ठरलेलं उरलेलं नाही हे त्यांनी पटकन ओळखलं आणि दंगा करायला मोकळी झाली. माझ्या शब्दावर पूर्ण विसंबली ती एकटी हीच. मी तिला काहीच शिकवलं नसतं तर ती ओरडली असती, रडली असती, उठून पळाली असती. आणि तरी ती वाचायला लागली होती हेही खरं आहे. ती वाचत होती ते याच सगळ्यामुळे, आणि त्या बाकावर ती तशी बसून राहिली तीही याच सगळ्यामुळे. मला आता मुलांना काही नेमून द्यायची भीती वाटते. दिवसभर मी नुसती ओरडून पोरं गप्प करते, बाकीचे करतात तशी, आणि कुणाची काही तक्रार नाही.

तिच्या आईने दाखला अजून नेलेला नाही. गाडी परवाची आहे, दाखला न्यायला येताना तिलाही एकदा घेऊन येते असं म्हणाली होती. आज हजेरी घेताना तिचं नाव आलं. सवयीने घेतलं, थांबले, मान वर केली. ती नव्हती. आई, मला तेव्हा हायसं वाटलं. तिच्याकडे बघावं लागणार नाही म्हणून. मग मी पुढचं नाव घेतलं. हे पत्र तुझ्या हाती पडणार नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं.