गाण्यात नाव नव्हतं

स्मिथफील्ड बाजार, लंडन

प्रिय आई,

तुझा आशीर्वाद मागून लिहायला बसले आहे. मी खुशाल आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते. हे पत्र पाद्रीबाबाच तुला वाचून दाखवणार. ते मध्येच खोकले तरी त्यांना एकही ओळ गाळू देऊ नकोस.

तुला ठाऊकच आहे, मी बाजारात छापील गाणी गाऊन विकते. परवा एका लाडोबाचं गाणं म्हणत होते. बापाची सगळी जमीन तो जुगारात आणि एका नटीच्या बिछान्यात उधळतो. गाण्यात नाव कोणाचंच नव्हतं. तेवढ्यात रेशमी कोटातला एक तरुण गर्दीतून ओरडला, "बंद कर! मी तिच्याकडे दोनदाच गेलो होतो!"

मासळीवाली मॉल म्हणाली, "अगं बया, म्हणजे हाच तो! बघू तरी, मेल्याने काही शिल्लक ठेवलंय का!" सगळा बाजार हसला.

त्याने तक्रार केली. सोमवारी मला न्यायाधीशापुढे उभं राहायचं आहे. माफी मागून गाणं सोडलं तर सुटेन, नाहीतर महिनाभर कोठडीत ताग कुटायचा.

मी शब्दन् शब्द पुन्हा तपासला, आई. गाणं चावट आहे, पण खोटं नाही. ते तर त्यानेच सांगितलं.

तुझा गुडघा कसा आहे? शेजारी काही बोलले तर मान खाली घालू नकोस. जमीन त्याने उधळली, शरम आपण का बाळगायची? मी माफी मागणार नाही. न्यायाधीशाने गाणं म्हणायला लावलं, तर शेवटच्या कडव्यासकट म्हणेन, आणि चांगलं खड्या आवाजात म्हणेन.

तुझीच लेक,
थॉमसिन