अण्णा, यातलं ओएचएनएस कुठलं?

प्रिय अण्णा,

रागावू नका, पण तुमच्या वर्कशॉपात पोलादाचे दोन बार उरलेत आणि त्यातला कुठला कुठला हे मला कळत नाही. तीन दिवस मी त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसतेय. शेवटी म्हटलं, ज्यांनी आणले त्यांनाच विचारावं.

चूक माझीच आहे, आधी कबूल करते. तुम्ही श्रावणात गेलात. खंडेनवमीला वर्कशॉप नीट दिसलं पाहिजे म्हणून आई आणि मी दोन दिवस राबलो. लेथ पुसला, पाने-पक्कड मांडले, आणि मी शहाणीने रॅकमधले उरलेले दोन्ही बार रॉकेलने घासून लख्ख केले. त्यांच्या टोकांना तुम्ही लावलेले रंगही गेले! पूजा झाली, झेंडूची फुलं वाहिली, आणि मग आपले लेथवरचे बबन मेस्त्री रॅककडे बघत डोक्याला हात लावून खाली बसले.

पिवळं टोक म्हणजे ओएचएनएस, तेलात बुडवून कडक होणारं पोलाद; निळं म्हणजे एचसीएचसीआर, त्याहून टिकाऊ, पण मोठ्या भट्टीचं. एवढं मला पाठ होतं, कारण बिलं मीच लिहायचे. पण रंग पुसल्यावर दोन्ही सारखेच काळेकरडे आणि सारख्याच जाडीचे. वजनावरून काही कळेना. हुंगूनसुद्धा बघितलं, हसू नका.

पावस गावच्या कॅनिंगवाल्यांना आंब्याच्या डब्यांची झाकणं कापायचा नवा डाय हवाय. त्यांना टिकाऊ हवा, म्हणजे एचसीएचसीआरच. तो कोल्हापूरला मोठ्या भट्टीत पाठवायचा. ओएचएनएस चुकून तिथे गेलं तर एवढ्या उष्णतेने तडकणार. आणि उलट, एचसीएचसीआर आपल्या कोळशाच्या भट्टीत लाल करून तेलात बुडवलं तर ते मऊच राहणार. चुकले तर तुमच्यामागे तुमच्या नावाने आलेलं पहिलंच काम माझ्या हातून फुकट जाईल. दुसरा बार मागवायला मुंबईच्या व्यापाऱ्याला ट्रंक कॉल लावला, तर तो म्हणतो महिनाभर माल नाही.

तुम्ही मात्र किती सहज सांगायचात! बार ग्राइंडरला टेकवायचात, ठिणग्या उडायच्या, आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचात, "हे ओएचएनएस." विषय संपला. परत विचारायची कुणाची टाप नव्हती.

मीही टेकवून बघितलं. एकाच्या ठिणग्या जास्त फुटतात असं वाटलं. मग दुसऱ्याच्या जास्त वाटल्या. मग वाटलं, मी जोर कमीजास्त देतेय. अण्णा, इतकी वर्षं बिलं लिहायला शेजारी बसवलंत, एकदा तरी हात धरून दाखवायचं होतं की!

इथवर परवा लिहिलं होतं, पुढचं आज लिहितेय. काल बबन मेस्त्रींना म्हटलं, अण्णांना काय दिसायचं हो त्या ठिणग्यांत? त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "अगो बाय, त्यांना तरी कुठं दर टायमाला समजायचा? आमी येयच्या आदी सकाळचे येऊन चकती कापायचे, भट्टीत तापवून तेलात टाकायचे, मंग कानस मारून बगायचे. मना म्हाईत होता. बोललो नाय कंदी."

म्हणजे? तुम्ही आधी बघून ठेवायचात आणि मग आमच्यासमोर ठिणग्या उडवायचात? मला हसू आलं, मग खूप राग आला, आणि मग रडू. नक्की काय वाटलं ते अजून सांगता येत नाही.

आज आम्ही दोन्हीच्या चकत्या कापल्या, लाल केल्या, तेलात सोडल्या. एकीवर कानस सटकन घसरली, दुसरीवर धरली. घसरली ती कडक झालेली, म्हणजे ओएचएनएस. दुसरा बार उद्या कोल्हापूरच्या गाडीला जाईल. टोकांना रंगही पुन्हा लावले.

पण माझा गोंधळ वाढलाच आहे. तुम्ही गेलात त्या सकाळी छाती चोळत होतात. मी विचारलं, दुखतंय का? "पित्त आहे," म्हणालात. त्याच आवाजात, चष्मा तसाच कपाळावर. मी विश्वास ठेवला आणि पोस्टात निघून गेले. परत आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

अण्णा, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का? की खरंच पित्त वाटलं होतं? की काहीच कळत नव्हतं आणि आम्ही घाबरू नये म्हणून म्हणालात? मी उलटून का नाही विचारलं? बार असता तर चकती कापून बघितली असती.

मघाशी आईने विचारलं, "वर्कशॉप चालेल ना गो?" "चालेल" म्हणायला माझ्या तोंडात तुमचा आवाज अगदी तयार होता. पण मी म्हटलं, "माहीत नाही गं आई." तिने पदर खोचला. मग म्हणाली, "बरं. मग दोघी मिळून बघू."

तेव्हा हे वचन घ्या. जे मला कळणार नाही, ते कळत नाही असं मी बबन मेस्त्रींसमोर, गिऱ्हाइकासमोर, कुणाहीसमोर सांगेन. आणि कधी माझ्या छातीत दुखलं, तर पित्त म्हणणार नाही. आईला हाक मारेन.

तुमची, तुमच्यावर अजून रुसलेली,
सुलू