दोन सोसायट्यांची एक खोली

प्रिय आई,

तुला नमस्कार, आणि तू वाचून दाखवशील तेव्हा बाबांनाही.

खोली छान आहे. ऊन येतं, पाणी दिवसभर असतं. काळजी करू नकोस.

शेजारशेजारच्या दोन सोसायट्यांनी मिळून रिकामे फ्लॅट आम्हा विद्यार्थिनींना दिलेत खरे, पण त्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. म्हणून प्रत्येक खोलीत एक मुलगी अलीकडच्या सोसायटीने निवडलेली, एक पलीकडच्या. मी अलीकडची. आमचे सेक्रेटरीकाका मला जिन्यात गाठून विचारतात, "ती गिझर किती वेळ लावते? कोण येतं तिच्याकडे?" पलीकडच्या सेक्रेटरीबाई माझ्या रूममेटला माझ्याबद्दल हेच विचारतात.

कळलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. आता चहा पिताना आम्हीच ठरवतो, कोणी कोणाची काय चुगली करायची. परवा मी तिचा ओला टॉवेल सांगितला, तिने माझं घोरणं. दोन्हीकडे समाधान.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

काल मात्र पलीकडच्या सेक्रेटरीबाईंनी मला फाटकात थांबवलं. म्हणाल्या, "खोली सोडणार आहेस म्हणे? तुझ्या जागेवर यायला आमची एक मुलगी तयार आहे."

हे आमच्या ठरलेल्यात नव्हतं. घरची फार आठवण आली तेव्हा एकदाच तसं बोलले होते, तेही फक्त रूममेटपाशी. सहज गं, तू मनाला लावून घेऊ नकोस.

रूममेट आत्ता पोस्टाकडेच निघाली आहे, पत्र दे म्हणते. मी म्हटलं, अजून लिहून व्हायचंय.

तुझी,
धाकटी