पाचव्या शीलात बिडी कुठं हाय

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आज मला तुमच्याशी भांडायचंय. तुमच्या धाकट्याचा गांजा सुटत नाही. दोनदा सुटला, दोनदा पुन्हा लागला. यंदा तुमच्या स्मृतिदिनी आपल्या विहारात सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं, आणि मग मी माइक हातात घेऊन त्याला म्हणाले, उभा राहा, पाचवं, नशा न करण्याचं शील एकटा म्हण. तो उभा राहिला. "अक्का, त्यात दारू हाय. गांजा कुठं हाय?" माणसं हसली. मला मात्र तुम्ही दिसलात, चुलीपाशी उकिडवे बसलेले, खोकत खोकत आईला सांगताना, "शीलात दारू हाय. बिडी कुठं हाय, दाव की." तोच सूर, तीच मान वाकडी. धाकटा तसाच चपला घालून निघून गेला. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

भावजयीला घेऊन बीडला व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिलं विचारलं, वडील काय ओढायचे? बिडी, मी म्हणाले, तिचा इथं काय संबंध? त्या म्हणाल्या, बिडी-सिगरेटची ओढ आणि गांजाची ओढ, दोन्हींमागं जन्मजात काही भाग असतो, आणि त्यातला बराचसा सामाईक असतो. बाकी घर, संगत, हाताशी काय मिळतं ते. माझं डोकंच फिरलं. "बाई, माणूस जन्मानं ठरतो हे ऐकायला आमच्या म्हाताऱ्यांनी धर्म सोडला न्हाई." त्या शांतपणे म्हणाल्या, "ठरतो कुठं म्हणतेय मी? एकाच आईबापाच्या लेकरांत एकाला सोडणं जड जातं, एकाला जात नाही. यात जातीचा काय संबंध?" घरी येऊन मी हाती लागेल ते वाचलं, त्यांना खोडून काढायला. खोडता आलं नाही. आयुष्यभर जन्माविरुद्ध बोलले आणि माझ्याच घरात तो जन्म असा मागल्या दारानं आला, याचा संताप कुणावर काढू?

सभांमधून मी सांगत आलेय की मीही बिडी ओढली होती आणि निश्चयानं सोडली. लोक टाळ्या वाजवतात. आबा, तुमची बिडी चुलीवर पेटवून आणायचं काम माझं होतं, पेटवताना झुरके मलाच मारावे लागायचे. मला प्रत्येक वेळी मळमळायचं. सोडण्यासारखं मला काही लागलंच नव्हतं. हे धाकट्याला सांगायला पाहिजे, त्याचं घर चार गल्ल्यांवर आहे, आणि मी तुम्हाला लिहीत बसलेय.